खाऱ्या पाण्यातला नवा जिवाणू: लोणारच्या काठापासून नव्या नावापर्यंत, कुठे कुठे चुकतं

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की माझ्या फोनवर एकाच साच्यातले निरोप यायला लागतात. "सर, लोणारच्या पाण्यातून जिवाणू काढला. ओळखीच्या जिवाणूशी डीएनएची जुळणी ९९.१ टक्के आली. म्हणजे ०.९ टक्के नवीन आहे ना?"

नाही. त्या आकड्यावरून तो नवीन ठरत नाही, आणि जुनाही ठरत नाही. नवी प्रजाती एका अहवालात 'सापडत' नसते. जवळच्या सगळ्या जुन्या प्रजाती एकेक करून वगळल्यावर जे उरतं त्याला नवी म्हणतात. वगळण्याच्या या कामात क्रम चुकला की दोन वर्षं वाया जातात. मी जाऊ दिली आहेत.

मेहकर, लोणार, रिसोड, वाशीम, सिंदखेडराजा भागातल्या ज्या महाविद्यालयांत ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), इन्क्युबेटर, सूक्ष्मदर्शक आणि जिद्दी विद्यार्थी आहेत, पण सिक्वेन्सर (डीएनएची अक्षरं वाचणारं यंत्र) नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लेखात प्रजाती म्हणजे स्पीशीज आणि वंश म्हणजे जीनस.

टप्पा १: कागद आधी, बाटली नंतर

लोणार सरोवर वन्यजीव अभयारण्यात येतं, आणि २०२० पासून ते रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागाही आहे. वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथलं ५० मिलीलीटर पाणीही उचलायचं नाही. "विवरात देवदर्शनाला गेलो होतो, येताना बाटली भरून आणली" असं सांगणारे भेटतात. त्या बाटलीतून खरोखर नवीन काही निघालं तर ते छापता येणार नाही, कारण नमुना कुठून आणि कोणाच्या परवानगीने घेतला हे कधी ना कधी विचारलं जातंच.

दुसरा कागद जैवविविधता कायदा, २००२ खालचा. राज्य जैवविविधता मंडळ नागपुरात आहे, राष्ट्रीय प्राधिकरण चेन्नईत. नव्या प्रजातीचा जिवाणू शेवटी परदेशातल्या एका संग्रहातही जमा करावा लागतो, आणि देशातली जैविक सामग्री बाहेर पाठवायची तर प्राधिकरणाची प्रक्रिया पूर्ण करावी लागते. हा अर्ज शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवू नका. शुद्ध कल्चर (फक्त त्याच एका जिवाणूची वाढ) हातात आलं की त्याच आठवड्यात विचारणा सुरू करा.

अभयारण्याची परवानगी लांबली तर हात बांधून बसायचं कारण नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा आहेच. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ज्या वावरात उन्हाळ्यात पांढरी पापडी वर येते, तिथून माती घ्या. शेतकऱ्याची संमती कागदावर घ्या आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा. तिथे मीठ सरोवरापेक्षा वेगळं आणि बहुधा कमी असतं. त्यामुळे मीठ सहन करणारे जास्त मिळतील, मिठावाचून न जगणारे कमी.

टप्पा २: पाणी आधी ओळखा

सगळ्यात महाग चूक इथे होते. 'खारं सरोवर' ऐकलं की मुलं थेट २० टक्के मिठाचं माध्यम (जिवाणू वाढवायचं अन्न) बनवतात. लोणारचं पाणी समुद्रासारखं नुसतं मिठाचं नाही. त्यात सोडियम क्लोराइडच्या जोडीला सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट आहे, आणि पीएच साडेनऊ-दहाच्या आसपास असतो. तिथल्या जिवाणूला मीठ लागतं तसा सोडाही लागतो. तटस्थ पीएचच्या, भरपूर मिठाच्या प्लेटवर सरोवरातले खरे रहिवासी येतच नाहीत. येतात ते काठावरून धुपून आलेले पाहुणे.

पीएच मीटर बिघडलेलं असेल तर एक जुनी युक्ती आहे. गाळणकागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा आणि त्यावर सरोवराच्या पाण्याचा थेंब टाका. पिवळ्याचं लालसर तपकिरी झालं तर पाणी अल्कधर्मी. हळदीत चुना घालून कुंकू करतात, तेच रसायन. काठावरच्या पांढऱ्या पापडीवर लिंबू पिळा. फसफसलं तर कार्बोनेट आहे. ही फक्त खूण झाली, वहीत आकडाच लिहायचा.

आकड्यासाठी:

१. पीएच मीटर ७ आणि १० च्या बफरने जुळवा. ४ आणि ७ ने जुळवलेलं मीटर १० ला काय दाखवेल याचा भरवसा नाही.

२. हाताचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठासाठी किंवा समुद्राच्या पाण्यासाठी आखलेला असतो. सोड्याच्या पाण्यात तो अंदाज देतो, मोजमाप नाही.

३. म्हणून १०० मिलीलीटर गाळलेलं पाणी वजन केलेल्या बशीत १०५ अंशांवर पूर्ण वाळवा आणि पुन्हा वजन करा. वाढलेले ग्रॅम म्हणजे विरघळलेल्या क्षारांची ढोबळ टक्केवारी.

४. क्लोराइड आणि अल्कता टायट्रेशनने काढा. बी.एस्सी.ला केलेलं असतं, आता कामाला येतं.

हे आकडे ऋतूप्रमाणे बदलतात. मे महिन्यात पाणी आटून घट्ट होतं, सप्टेंबरात पावसाने पातळ. गेल्या वर्षीच्या प्रबंधातले आकडे उतरवू नका.

> तपासा: मीठ, पीएच, तापमान, तारीख आणि अक्षांश-रेखांश या पाच नोंदींपैकी एक जरी नसेल तर तो नमुना वर्गात शिकवायला ठेवा, संशोधनाला नको.

टप्पा ३: नमुना घेणं

धारेचं गोड पाणी जिथे सरोवराला मिळतं तिथून मुख्य नमुना घेऊ नका. तिथे मीठही कमी आणि जिवाणूही वेगळे. तुलनेसाठी एक बाटली तिथलीही भरा, पण चिठ्ठी वेगळी लावा.

पृष्ठभागाचं पाणी, काठचा काळा चिखल आणि पांढरी पापडी या तिन्हींसाठी वेगळ्या निर्जंतुक बाटल्या ठेवा. शिवाय पाच लीटर नुसतं पाणी आणा, ते माध्यमात लागेल. चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहा, कारण स्पिरिटचा हात लागला की शाई जाते. काठचा चिखल वरून कडक दिसतो आणि पाय घातला की गुडघाभर आत ओढतो, म्हणून एकट्याने उतरू नये. आणि वेड्या बाभळीच्या काट्यांसाठी चपला नाहीत, बूट.

नमुने बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला चिकटून नाहीत. गोठवायचे तर मुळीच नाहीत. २४ तासांच्या आत प्लेटवर गेलेले बरे. मे महिन्यात एसटीच्या टपावर तीन तास तापलेला डबा मी एकदा उघडला आहे. पुढच्या महिनाभरात त्यातून जे वाढलं ते सगळं बीजाणू करणारं बॅसिलस कुळ होतं. बाकीचे वाटेतच गेले असणार.

टप्पा ४: माध्यम बनवणं

इथे थांबून, सावकाश.

सोड्याच्या सरोवरांसाठी जपानी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होरिकोशी यांचं माध्यम चांगली सुरुवात आहे. एक लीटरसाठी ग्लुकोज १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५, पेप्टोन ५, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १, मॅग्नेशियम सल्फेट ०.२, सोडियम कार्बोनेट १० आणि अगर २० ग्रॅम. त्यात तुमच्या मोजणीप्रमाणे सोडियम क्लोराइड.

सगळं एका फ्लास्कमध्ये घालून ऑटोक्लेव्ह केलंत तर बाहेर येईल गुळाच्या काकवीसारखं तपकिरी पाणी. ते घट्ट होणार नाही. इतक्या उंच पीएचला आणि तापमानाला साखर आणि पेप्टोन एकमेकांशी भिडून करपतात, अगरची साखळी तुटते आणि मॅग्नेशियमचा साका बसतो. म्हणून:

१. पहिला फ्लास्क: अगर, पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, फॉस्फेट आणि सोडियम क्लोराइड ८०० मिलीलीटरमध्ये.

२. दुसरा फ्लास्क: सोडियम कार्बोनेट १०० मिलीलीटरमध्ये.

३. ग्लुकोज आणि मॅग्नेशियम सल्फेट आपापल्या छोट्या बाटल्यांत, वेगवेगळे.

४. सगळं वेगवेगळं ऑटोक्लेव्ह करून ६० अंशांच्या आसपास आणा. मग पहिल्यात ग्लुकोज, नंतर मॅग्नेशियम आणि शेवटी हळूहळू कार्बोनेट, फ्लास्क फिरवत. निर्जंतुक पाण्याने लीटर पूर्ण करून लगेच ओता.

५. एक प्लेट बळी द्या. घट्ट झालेला अगर कुस्करून पीएच मोजा. ऑटोक्लेव्हच्या आधीचा पीएच लिहून उपयोग नाही. बायकार्बोनेट वापरलं असेल तर उष्णतेने त्याचं कार्बोनेट होतं आणि पीएच वर सरकतो.

मिठाचा हिशोब: १० टक्के म्हणजे शेवटच्या एक लीटरमध्ये १०० ग्रॅम. एक लीटर पाण्यात १०० ग्रॅम टाकणं ही वेगळी गोष्ट. २० टक्क्यांचं माध्यम तसं केलंत तर आकारमान वाढून प्रत्यक्षात १८-१९ टक्केच होतं. लहान वाटणारी ही चूक पुढे वाढीच्या आलेखात ठळक दिसते. स्वयंपाकाचं आयोडीनयुक्त मीठ वापरू नका, त्यातल्या गुठळ्या न होऊ देणाऱ्या भुकटीने माध्यम गढूळ होतं.

किमान चार माध्यमं करा: सरोवराइतकंच मीठ असलेलं, ५ टक्क्यांचं, १५ टक्क्यांचं, आणि सरोवराचं गाळलेलं पाणी वापरून अगदी कमी अन्न घातलेलं. चौथ्यावर वाढ हळू होते म्हणून मुलं ते टाळतात. नवीन काही असलंच तर बहुतेक त्याच प्लेटवर मिळतं. भरपूर अन्नाच्या प्लेटवर हॅलोमोनास आणि बॅसिलससारखे धसमुसळे पंगतीत आधी बसतात, बाकीच्यांना जागा उरत नाही.

टप्पा ५: प्लेटवर घालणं आणि वाट पाहणं

डायल्यूशन, म्हणजे नमुना पातळ करणं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये करू नका. पाठ्यपुस्तकात तसं लिहिलेलं असतं, पण ते नदीच्या पाण्यासाठी. मिठात जगणारी पेशी गोड पाण्यात पडली की पाणी आत घुसून ती फुगते, कधी फुटते. नमुन्याइतकंच मीठ आणि तोच पीएच असलेलं निर्जंतुक द्रावण वापरा. दहाच्या पटीत पाच पायऱ्या, प्रत्येकीतून १०० मायक्रोलीटर.

प्लेटच्या कडा पॅराफिल्मने बंद करा, प्लेटा प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीत ओला कापूस ठेवा. हे केलं नाही तर विदर्भाच्या कोरड्या हवेत आठवड्यात अगर पापडासारखा होतो, त्यातलं मीठ दुपटीने घट्ट होतं आणि तुमची ५ टक्क्यांची प्लेट ५ टक्क्यांची राहत नाही. ३० आणि ३७ अंश, दोन्हीकडे ठेवा. ३, ७, १४ आणि २१ व्या दिवशी पाहा. तिसऱ्या दिवशी प्लेटा धुवायला टाकणारा विद्यार्थी नवीन प्रजाती धुवून टाकत असतो.

लोडशेडिंगचं विसरू नका. इन्क्युबेटरमध्ये कमाल-किमान तापमापी ठेवा आणि रोज नोंद करा. मे महिन्यात वीज गेली की तो थंड होत नाही, उलट खोलीबरोबर तापतो.

एकदा एक विद्यार्थिनी दहाव्या दिवशी आनंदाने प्लेट घेऊन आली: पांढऱ्या, चमकदार, नीट गोल कडांच्या वसाहती, एकसारख्या. आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, हे तं मीठ हाय जी." मीठच होतं. सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनी स्फटिक दिसले तर मीठ. पाण्याचा थेंब टाकून विरघळतं का पाहणं ही पुरती खात्री नव्हे, कारण काही मीठप्रेमी पेशीही गोड पाण्यात विरघळल्यासारख्या दिसतात.

टप्पा ६: शुद्ध करणं

एका वसाहतीला तीनदा सलग स्ट्रीक करा (नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरवा), दर वेळी एकट्या उभ्या असलेल्या वसाहतीपासून. मीठप्रेमींमध्ये फसवणूक अशी होते की लाल, हळू वाढणाऱ्या वसाहतीच्या पोटाखाली फिकट, वेगाने वाढणारा दुसरा लपलेला असतो. म्हणून शेवटची स्ट्रीक कमी मिठाच्या प्लेटवरही करा. लपलेला तिथे उघडा पडतो.

ग्रॅम रंजनासाठी (जिवाणू ग्रॅम-पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे रंगावरून ओळखायची चाचणी) स्लाइड नेहमीसारखी ज्योतीवर भाजू नका, मिठाचे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात. डुसॉल्ट यांची १९५५ ची पद्धत वापरा: स्मिअर हवेत वाळवा, २ टक्के ॲसिटिक आम्लात पाच मिनिटं ठेवा, न धुता पुन्हा वाळवा, मग रंग. हे माहीत नसल्यामुळे ग्रॅम-पॉझिटिव्हचे ग्रॅम-निगेटिव्ह झालेले मी कितीतरी अहवालांत पाहिले आहेत.

शुद्ध झालं की त्याच दिवशी साठवा. त्याच खारट माध्यमात २० टक्के ग्लिसरॉल, उणे ८० अंशांवर. आपल्याकडे बहुधा उणे २० चाच फ्रीजर असतो आणि तोही भारनियमनात गळतो. म्हणून एक प्रत दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात ठेवा आणि एक ओळखीच्या विद्यापीठात.

> थांबा: वसाहतीचा फोटो, पेशींचा फोटो, ग्रॅमचा निकाल आणि तीन साठवलेल्या नळ्या हातात नसतील तर डीएनएकडे वळू नका.

टप्पा ७: हा जिवाणूच आहे का?

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचं कारण हॅलोआर्किया निघालं. आर्किया म्हणजे जिवाणू नव्हेत. दिसायला सारखे, पण वेगळ्या साम्राज्यातले. तुमची वसाहत लाल-गुलाबी असेल, ९-१० टक्क्यांखाली वाढतच नसेल आणि डिस्टिल्ड वॉटरच्या थेंबात पेशी फुटून चिकट तार येत असेल, तर आर्कियाची शंका घ्या. जिवाणूंसाठीची २७एफ आणि १४९२आर ही प्रायमरांची (जनुकाची प्रत सुरू करून देणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांची) जोडी तिथे चालत नाही, आर्कियाचे वेगळे मागवा. शिवाय काही हॅलोआर्कियांत, विशेषतः हॅलोआर्क्युलात, ओळख पटवायला वाचतात त्या १६एस जनुकाच्या एकाहून अधिक आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या प्रती असतात. तिथे सँगर पद्धतीने केलेल्या डीएनएच्या एका वाचनावर विसंबायचं नाही. पुढचं जिवाणू धरून लिहितो.

टप्पा ८: मिठाचा आणि पीएचचा आलेख

०, ०.५, १, २, ३, ५, ७.५, १०, १२.५, १५, २० आणि २५ टक्के सोडियम क्लोराइड. प्रत्येकाच्या तीन नळ्या आणि एक बिनजिवाणूची. ती चौथी नळी वगळू नका. उंच पीएचला मिठाचा साका आपोआप येतो आणि ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात गढूळपणा मोजताना तो वाढीसारखा दिसतो.

आता बहुतेकांचा घात करणारी गोष्ट. होरिकोशी माध्यमात 'शून्य टक्के मीठ' म्हटलं तरी त्यात १० ग्रॅम सोडियम कार्बोनेट आहे. त्यातलं सोडियम साधारण ०.१९ मोलर भरतं, म्हणजे जवळपास १.१ टक्के साध्या मिठाइतकं. त्या नळीत वाढला म्हणून "मिठाशिवाय वाढतो" लिहिलंत तर परीक्षक पहिल्याच फेरीत पकडेल. शून्याच्या नळीत पोटॅशियम कार्बोनेट वापरा. पेशी धुताना मीठ हळूहळू कमी करत न्या, आणि त्या नळीतून त्याच माध्यमाच्या ताज्या नळीत सलग तीनदा उतरवा. तिसऱ्यांदाही वाढला तरच मिठाशिवाय वाढतो म्हणा. वाढला तर तो मीठ सहन करणारा, वाढला नाही तर मीठप्रेमी. ३ ते १५ टक्क्यांत जोमाने वाढणाऱ्यांना मध्यम मीठप्रेमी म्हणतात, १५ च्या वर जोम असणाऱ्यांना तीव्र.

पीएचचा आलेख ७ ते ११, अर्ध्या-अर्ध्या अंतराने. ९ च्या वर ट्रिस बफर निकामी, तिथे कार्बोनेट-बायकार्बोनेट किंवा कॅप्स बफर. वाढ झाल्यावर पीएच पुन्हा मोजा. ग्लुकोज खाऊन आम्ल सोडणारा जिवाणू १० ची नळी ८.५ वर आणून ठेवतो आणि आपण लिहितो की १० ला छान वाढतो.

टप्पा ९: १६एस, आणि त्या टक्केवारीचा अर्थ

पेशी धुताना खारं द्रावण, डीएनए बसल्यावर ७० टक्के इथेनॉलने दोन धुण्या. मीठ उरलं की पीसीआर बसत नाही, आणि मग उगाच प्रायमर बदलत बसतात.

जवळजवळ पूर्ण जनुक हवं, १४०० बेसच्या वर. एका बाजूचं ७०० बेसचं वाचन वंशाचा अंदाज देतं, त्याहून जास्त नाही. प्रयोगशाळेने पाठवलेली अक्षरं तशीच चिकटवू नका. क्रोमॅटोग्राम, म्हणजे ज्या शिखरांवरून ती अक्षरं वाचली तो आलेख, उघडा आणि स्वतः पाहा. एकाच जागी दोन-दोन शिखरं दिसली तर कल्चर बहुधा मिश्र आहे: टप्पा ६ ला परत.

जुळणी करताना जाणून घ्यायचं ते हे. ब्लास्ट या नेहमीच्या जुळणी शोधणाऱ्या साधनाच्या यादीत वर येतात ते बहुतेक कोणीतरी कुठूनतरी टाकलेले, नाव न ठरलेले किंवा चुकीच्या नावाचे तुकडे. तुलना फक्त टाइप स्ट्रेनशी, म्हणजे त्या प्रजातीचं नाव ज्या मूळ कल्चरवर बेतलं आहे त्याच्याशी करायची. त्यासाठी ईझेडबायोक्लाउड हा ऑनलाइन माहितीसाठा वापरा आणि नावं एलपीएसएन या नावांच्या ऑनलाइन यादीवर तपासा. नावं बदलतात. हॅलोमोनास वंशाचे २०२३ मध्ये तुकडे पडले आणि त्यातल्या बऱ्याच प्रजाती व्रीलँडेलासारख्या नव्या वंशांत गेल्या. जुन्या प्रबंधातल्या यादीशी तुलना केलीत तर ज्याच्याशी तुलना करायची तो शेजारीच सुटेल.

मग आकडा. जवळच्या टाइप स्ट्रेनशी साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी असेल तर तो वेगळी प्रजाती असण्याची शक्यता चांगली. जास्त असेल तर १६एस काहीच सांगत नाही. ९९.५ टक्के जुळूनही दोन वेगळ्या प्रजाती असू शकतात. म्हणून ९९.१ वाल्यांनी निराश होऊ नये आणि ९७ वाल्यांनी पेढे वाटू नयेत. दोघांनाही पुढच्या टप्प्यातून जावंच लागतं.

टप्पा १०: संपूर्ण जिनोम

आता याशिवाय वर्णन स्वीकारलं जात नाही. बाहेरून करून घ्या, पण मागणी लिहून द्या: किमान ५० पट वाचन आणि कच्च्या फाइली आपल्या ताब्यात. हाती आल्यावर आधी भेसळ तपासा. चेकएम या संगणक प्रणालीवर ती ५ टक्क्यांच्या आत हवी. मग जिनोममधला १६एस तुमच्या सँगरच्या १६एसशी ताडून पाहा. जुळला नाही तर नळ्यांची अदलाबदल झाली आहे. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

त्यानंतर जवळच्या सगळ्या टाइप स्ट्रेनशी दोन आकडे काढा. एएनआय (दोन जिनोममधलं सरासरी साम्य) ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि संगणकी डीएनए-संकरण ७० टक्क्यांच्या खाली, तर वेगळी प्रजाती. टीवायजीएस या संकेतस्थळावर जिनोम चढवला की संकरणाचा आकडा फुकट मिळतो. अपुऱ्या जोडलेल्या जिनोमसाठी तिथल्या तीन सूत्रांपैकी दुसऱ्याचा आकडा घ्या, तिन्हींतला आपल्याला आवडेल तो नाही.

एएनआय ९७ आला? तर जुनी प्रजाती, लोणारातली नवी नोंद म्हणून छापा. त्यात काही कमीपणा नाही.

टप्पा ११: शेजाऱ्याला मांडीला मांडी लावून बसवा

जवळचे टाइप स्ट्रेन संग्रहातून मागवा. यायला महिने लागतात म्हणून १६एस आल्याबरोबर मागवा. त्यांना आणि आपल्याला त्याच माध्यमात, त्याच दिवशी, त्याच इन्क्युबेटरमध्ये वाढवा. दुसऱ्याच्या लेखातून उचललेल्या निकालांशी तुलना केली तर ती धरली जात नाही. मेदाम्लांचं प्रमाण माध्यम आणि वय बदललं तरी बदलतं, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या पेशींतला फरक हा प्रजातींतला फरक नव्हे. मेदाम्लं, ध्रुवीय लिपिड आणि क्विनोन बाहेरून करून घ्या.

एपीआयसारख्या, एकावेळी अनेक छोट्या रासायनिक चाचण्या करणाऱ्या तयार पट्ट्यांत काळजी घ्या. त्यातल्या बऱ्याच चाचण्या पीएच बदलला की रंग बदलणाऱ्या निर्देशकावर चालतात. साडेनऊ पीएचचं द्रावण भरलंत तर पट्टी आधीच अल्कधर्मी रंग दाखवून बसते. जिवाणू सहन करेल इतक्या कमी पीएचला चाचणी करा आणि बिनजिवाणूची एक पट्टी शेजारी ठेवा.

टप्पा १२: जमा करणं आणि नाव

दोन वेगवेगळ्या देशांतल्या सार्वजनिक संग्रहांत जमा केल्याचा दाखला लागतो. पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि चंडीगडचं एमटीसीसी ही दोन्ही भारतातली, त्यामुळे दोन्हींकडे दिलं तरी एकच देश. दुसरा जपानचा जेसीएम, कोरियाचा केसीटीसी किंवा जर्मनीचा डीएसएमझेड. टप्पा १ मधला चेन्नईचा अर्ज इथे कामी येतो.

नाव लॅटिनच्या नियमाने. लोणारवरून ठेवायचं तर वंशाचं नाव पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी असताना 'लोनारेन्सिस', नपुंसकलिंगी असताना 'लोनारेन्स'. लोणारातून २०१२ मध्ये वर्णन झालेल्या सिसेंबिया लोनारेन्सिसमध्ये वंशाचं नाव हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या आद्याक्षरांवरून घेतलं आहे आणि ते स्त्रीलिंगी धरलं आहे. अशा गमती चालतात. स्वतःचं नाव देणं चालवून घेत नाहीत. गुरूचं चालतं. वर्णन आयजेएसईएम या जिवाणूंच्या वर्गीकरणाच्या नियतकालिकात आलं तर नाव वैध. दुसऱ्या नियतकालिकात छापलं तर आयजेएसईएमच्या वैधता यादीत येईपर्यंत ते नाव अधांतरीच.

कल्चर पाठवताना माध्यमाची कृती सोबत पाठवा आणि "कार्बोनेट वेगळं ऑटोक्लेव्ह करावं, डिस्टिल्ड वॉटरने धुऊ नये" हे ठळक लिहा. आमची पहिली नळी 'जिवंत नाही' असा शेरा घेऊन आली होती. जिवाणू ठणठणीत होता. कृतीचा कागद आमच्याच टेबलावर राहिला होता.